राज्य कोणावर?



वसंतातल्या व्याख्यानमालांचा एक योग मोठा गमतीचा असतो. शाळांना सुटी लागते त्याच दिवसांत मोठी माणसे संध्याकाळी व्याख्यान ऐकायला जमतात, आणि खुर्च्या मांडल्या जातात त्या बहुधा एखाद्या शाळेच्या पटांगणात. आज तर मुलांच्या मोकळ्या खेळाविषयी बोलायचे आहे, आणि तेही त्यांच्याच पटांगणातून त्यांना बाजूला सारून. निदान एवढी विसंगती मान्य करून सुरुवात करू. विषय साधा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत वाढलेली आपली पिढी अंगणाची, आळीची, चाळीच्या चौकाची, दिवेलागणीपर्यंत चालणाऱ्या लपंडावाची आठवण काढते. या आठवणीला मराठीत ‘स्मरणरंजन’ असा नेमका शब्द आहे, आणि त्यातले ‘रंजन’ आपण मनापासून करतो. माझी हरकत रंजनाला नाही. अशा आठवणींचा मजकूर मोबाइलवरून फिरतो, तेव्हा त्याचे शेवटचे वाक्य जवळजवळ नेहमी आजच्या मुलांविषयी असते: ही मुले घराबाहेर पडत नाहीत, यांना खेळता येत नाही, यांना मोबाइल पुरे. साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस जाता जाता निकालही सांगून मोकळा होतो. त्याची साक्ष बरीचशी खरी आहे आणि निकाल साफ चुकलेला आहे, एवढेच आज मला मांडायचे आहे.

पहिली शंका साक्षीवरच घेतली जाईल. प्रत्येक पिढीला आपलेच बालपण शेवटचे खरे बालपण वाटत आले आहे, मग यात नवे ते काय? शंका रास्त आहे. इंग्लंडमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्याने दहा हजारांहून अधिक मुलांकडून रस्त्यावरचे आणि शाळेच्या आवारातले खेळ गोळा केले. १९६९ साली त्यांचे पुस्तक आले तेव्हाही ‘आता मुले पूर्वीसारखी खेळत नाहीत’ हे रडगाणे जुनेच होते, आणि पुस्तक मात्र जिवंत खेळांनी भरलेले होते. आपल्याकडचे खेळही तसेच चिवट आहेत. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, हुतुतू येतात ते रूपके म्हणून, म्हणजे ऐकणाऱ्याला ते समजावून सांगावे लागत नव्हते. विटीदांडूत मोजणी करताना मुले ‘वकट, लेंड, मुंड, नाल’ म्हणतात. त्याच्या शेजारी तेलुगूतले ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु ठेवून पाहा. कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसलेले हे आकडे मुलांनी मुलांना शिकवत, अर्थ माहीत नसताना, पिढ्यान् पिढ्या जपले. बडोद्याहून मुजुमदारांनी संपादित केलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांचा झाला, त्यात देशी खेळांचा संसार नोंदला गेला. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी, दोघांनीही जिंकला. तेव्हा खेळ मेले, असे म्हणणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. खेळ मेलेले नाहीत. हरवले आहे ते दुसरेच काही.

ते दुसरे काय, हे इंग्लंडातच एकदा मोजले गेले आहे. मेयर हिलमन, जॉन ॲडम्स आणि जॉन व्हाइटलेग या तिघांनी १९७१ आणि १९९० या दोन वर्षांची तुलना केली. प्रश्न अगदी साधे होते: मूल एकटे रस्ता ओलांडते का, एकटे शाळेत जाते का, मोठ्या माणसावाचून कोठवर जाऊ शकते. १९७१ साली सात-आठ वर्षांची ८० टक्के मुले मोठ्या माणसाच्या सोबतीशिवाय शाळेत जात होती. १९९० साली ९ टक्के. एकोणीस वर्षांत एवढे कोसळणे म्हणजे पिढ्यांचा नेहमीचा रुसवाफुगवा नव्हे. या अभ्यासातला खरा धारदार मुद्दा पुढेच आहे. याच काळात रस्त्यावर मरण पावणाऱ्या मुलांची संख्या बरीच घटली होती, आणि सरकार त्याचे श्रेय रस्ता-सुरक्षेला देत होते. संशोधकांचे म्हणणे असे, की रस्ते सुरक्षित झालेले नाहीत, रस्त्यांवरून मुले काढून घेतली गेली आहेत. धोका तसाच ठेवून ज्याला धोका आहे त्याला घरात बसवायचे, आणि मग अपघात कमी झाले म्हणून समाधान मानायचे. ही युक्ती आपल्याकडे कोणाला शिकवावी लागली नाही.

हरवले ते वावरण्याचे क्षेत्र, म्हणजे मोठ्यांच्या हुकमावाचून मुलाला जेवढी जमीन आणि जेवढा वेळ वापरता येतो तेवढे. खेळाचे नाव तेच राहून हे क्षेत्र जाऊ शकते, आणि गेले की खेळाची जातच बदलते. खो-खो घ्या. पुण्यात डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास या खेळाचे नियम बांधायला घेतले. मैदानाची मापे ठरली, दोन खांब रोवले गेले, नऊ-नऊ खेळाडू आणि पंच आले. त्यामुळे खेळ टिकला, मोठा झाला, हे निर्विवाद. पण आळीत जो चालत होता त्यात नियमांचे पुस्तक नव्हते, नियम रोज संध्याकाळी नव्याने ठरत. किती मुले जमली, जागा किती, कोणाचा पाय दुखावला, कोणाच्या खिडकीखाली ओरडून चालणार नाही, हे सगळे पाहून पोरे स्वतःच कायदा करत आणि स्वतःच मोडत. त्यांचे शब्दच पाहा. ‘कच्चा लिंबू’ ही एक संस्था आहे. धाकट्या भावंडाला घरी ठेवता येत नाही आणि पूर्ण गडी म्हणून घेताही येत नाही, तेव्हा त्याला खेळात ठेवायचे पण बाद करायचे नाही. हे सामाजिक कल्याणाचे धोरण आठ-दहा वर्षांच्या मुलांनी शोधलेले आहे. प्रशिक्षण शिबिरात कच्चा लिंबू नसतो. तिथे वयोगट असतात, तुकड्या असतात, शुल्क असते. ‘रडीचा डाव’ हा शब्द न्यायनिवाड्याचा आहे. आणि ज्याच्यावर ‘राज्य’ येते तो बिचारा डोळे मिटून शंभर आकडे मोजतो, सगळ्यांना शोधत फिरतो आणि सगळ्यांची बोलणी खातो. राज्य म्हणजे अधिकार असे मोठी माणसे समजतात. मुलांच्या मराठीत राज्य म्हणजे जबाबदारी, तीही नको असलेली.

आता स्मरणरंजनाला न आवडणारी गोष्ट. हे स्वातंत्र्य आपल्याला कोणी विचारपूर्वक दिलेले नव्हते. ते टंचाईतून आले. मुंबईच्या बीडीडी चाळी घ्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून २०७ इमारती, १९२० च्या दशकातल्या. त्यांतली खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या खोलीत स्वयंपाक, आजारी माणूस, रात्रपाळीहून येऊन झोपलेला कामगार आणि चार-पाच मुले कशी मावणार? मुले बाहेर खेळत, कारण आत जागाच नव्हती. आणि बाहेर खेळू शकत, कारण बाहेर तितकीच मुले होती. मुलांच्या संख्येचा मुद्दा आपण फार कमी बोलतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातला एकूण जननदर २.९ होता, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत तो १.७ आहे. त्याच्या एक-दोन पिढ्या आधीची घरे याहून पुष्कळ मोठी होती. आट्यापाट्यांना एका बाजूला नऊ गडी लागतात, म्हणजे अठरा मुले. पूर्वी तीन-चार बिऱ्हाडांत अठरा मुले निघत; आज तेवढ्यांसाठी एक अख्खा मजलाही पुरत नाही, आणि तो मजला वेगवेगळ्या शाळांत, वेगवेगळ्या वेळापत्रकांत वाटला गेलेला असतो. लहान कुटुंब हे आपणच मागितले, योग्य कारणांसाठी मागितले. त्याचा एक परिणाम असा, की सवंगडी आता दार उघडताच भेटत नाहीत, ते ठरवून जमवावे लागतात.

हे स्वातंत्र्य सगळ्यांना सारखेही नव्हते. आठवणींच्या लेखांत ‘आम्ही दिवसभर हुंदडायचो’ हे वाक्य येते तेव्हा ‘आम्ही’ म्हणजे बहुतेक मुलगे असतात. मुलीला धाकटे भावंड कडेवर आणि पाण्याची कळशी डोक्यावर. तिच्या खेळाला पंचांगाची परवानगी लागे: नागपंचमीचा झोका, हस्त लागला की भोंडला, आणि लग्न झाल्यावर श्रावणातल्या मंगळवारची मंगळागौर. या खेळांचे आपण कौतुक करतो ते योग्यच, पण लहान वयात सासरी गेलेल्या मुलींना वर्षातून मोजक्या रात्री मोकळे होता येई, हेही त्यांत लिहिलेले आहे. जातीचेही तेच. दलित आत्मकथनांत बालपण आहे, खेळ आहेत, खोड्याही आहेत. पण गाव हे सगळ्यांचे अंगण नाही. कोणत्या पाणवठ्यावर जायचे नाही, कोणत्या ओट्यावर बसायचे नाही, याचा नकाशा तिथल्या मुलाला चालायला लागल्यापासून पाठ असतो. शिवाय, ‘आम्ही पडलो, लागले, तरी काही झाले नाही’ असे म्हणणारे सगळे जगलेले आहेत. १९७१ साली देशात हजार जन्मांमागे १२९ अर्भके पहिला वाढदिवस पाहत नव्हती. २०२० साली हा आकडा २८ वर आला. मुले दगावत ती मुख्यतः खेळामुळे नव्हे, हे खरेच. पण ज्या काळात मूल दगावणे घरोघरी ठाऊक होते, त्या काळाच्या बेफिकिरीला सहज धाडस म्हणू नये.

मग कोणी म्हणेल, एवढे सगळे मान्य केल्यावर शिल्लक काय राहिले? तुमचे जुने बालपण गर्दीचे, विषमतेचे आणि दुर्लक्षाचे होते. गेले ते बरेच झाले. या आक्षेपाचा अर्धा भाग मी आनंदाने स्वीकारतो. बीडीडी चाळीतल्या रहिवाशाला पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मिळते, स्वतःचे न्हाणीघर मिळते, आणि त्याला ‘चाळीतली मजा काही औरच’ असे दूरच्या सोसायटीत राहून सांगणे हा उद्धटपणा आहे. पण स्वयंपाकघर मोठे झाले म्हणून चौक नाहीसा व्हायलाच हवा, असा कोणता नियम आहे? या दोन गोष्टी एकाच काळात घडल्या, एकीने दुसरी घडवली नाही. चौक गेला तो मोटारींसाठी गेला. मुलींना, वस्तीतल्या मुलांना जे कधी मिळालेच नाही ते मिळण्याची वेळ येईतो वाटायला काही उरलेच नाही, हे त्या विषमतेचे परिमार्जन नव्हे. उलट, ज्याच्याकडे पैसे आहेत त्याच्या मुलाला आज तासाच्या भाड्याने जाळीबंद टर्फ मिळते आणि ज्याच्याकडे नाहीत त्याला जाळीबाहेरून पाहायला मिळते. विषमता तशीच आहे, आता तिला पावती मिळते एवढेच.

दुसरा आक्षेप मोबाइलचा, आणि तो इतका सर्वमान्य आहे की आक्षेप म्हणून कोणी मांडतही नाही. पडद्याचे व्यसन खरे आहे, मुलांची झोप आणि डोळे त्यात जातात, ते मी नाकारत नाही. पण कालक्रम पाहा. इंग्लंडमधली घसरण १९७१ ते १९९० मधली आहे. तेव्हा खिशात मावणारा पडदा नव्हता, घरोघरी इंटरनेट नव्हते. म्हणजे मुले आधी आत आली, पडदा नंतर आला. रिकाम्या संध्याकाळी त्याला आयतीच जागा मिळाली. आपल्याकडे रस्ते खरोखर मोकळे केले तेव्हा काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मार्च २०२२ मध्ये मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही तास ठराविक रस्ते वाहनांना बंद केले. सायकली, बॅडमिंटनच्या रॅकेटी, स्केट घेऊन मुले आली. त्या रविवारी मोबाइल कोणी जप्त केले नव्हते.

तिसरा आक्षेप भीतीचा. आईबाप मुलाला एकटे सोडत नाहीत ते उगीच नव्हे, आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांपैकी मी नाही. मात्र भीतीचा पत्ता तपासायला हवा. परक्या माणसाची भीती सर्वांत मोठी. पण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे अहवाल वर्षानुवर्षे सांगतात की मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांच्या नोंदलेल्या प्रकरणांत नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीतले असतात. अंगण बंद केल्याने तो धोका बाहेर राहत नाही, क्वचित त्याच्याच सोबत मूल आत कोंडले जाते. उलट सामाईक गॅलरी, ओटा, कट्टा, भाजी निवडत बसलेल्या बायका, कोपऱ्यावरचा वाणी यांचे डोळे हीच जुन्या आळीची राखण होती. १९६१ साली जेन जेकब्स यांनी न्यूयॉर्कच्या पदपथांविषयी हेच मांडले. रस्त्याची भीती मात्र पूर्ण खरी आहे. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांतले बत्तीस हजारांहून अधिक पायी चालणारे. पुण्यात २०१८ साली नोंदणीकृत वाहनांची संख्या शहराच्या लोकसंख्येपुढे गेली. त्या वाहनांवर आजची मुले बसलेली नाहीत. ती घेतली आपण, लावली आपण, आणि मुलाला क्लासला सोडण्यासाठी काढली तीही आपणच, कारण रस्त्यावर इतकी वाहने आहेत की त्याला पायी पाठवणे बरे वाटत नाही.

हे असे व्हायलाच हवे होते का? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसे मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. लोक रस्त्यावर बसले; ‘मुलांची हत्या थांबवा’ अशा सरळ नावाची चळवळ उभी राहिली. घरांपुढच्या गल्ल्यांत गाडीने चालणाऱ्याच्या वेगाने जायचे आणि रस्त्यात खेळणाऱ्या मुलाचा हक्क आधी मानायचा, असे कायद्याने ठरले. इंग्लंडने मुले आत घेतली, डच लोकांनी गाड्या हळू केल्या. दोन्ही देश श्रीमंत, दोन्हींकडे मोटारी, दोन्हींकडे दूरचित्रवाणी. फरक धोरणाचा होता. आपल्याकडे पुणे महापालिका ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन करते. वर्षातला एक दिवस. नागपंचमीचा झोकाही तसाच होता.

जमिनीचे काय होते, ते मात्र थोडे सविस्तर सांगतो, कारण स्मरणरंजनात हा भाग कधी येत नाही. खेळाचे मैदान शहराच्या विकास आराखड्यात आधी कागदावर जन्मते, आरक्षण म्हणून. महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या १२७ व्या कलमानुसार दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिकेने पावले उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते. मालकाची जमीन अनंत काळ अडकवून ठेवू नये हा त्यामागचा न्याय्य हेतू. पण नोटीस एखाद्या टेबलावर मुदत संपेपर्यंत पडून राहिली, की मैदान जाते आणि कोणी ते विकल्याचेही दिसत नाही. देशाच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी दहा ते बारा चौरस मीटर खुली जागा अपेक्षित आहे. मुंबईत माणशी दोन चौरस मीटरही नाही. इमारतींच्या आवारातली जागाही अशीच निसटते. खाली गाड्या आणि वर पोडियमवर कुंड्या व चार घसरगुंड्या, असा प्रकार रूढ होत होता, तेव्हा डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की मुंबईच्या नियमावलीतली किमान मनोरंजनाची जागा जमिनीवरच हवी, पोडियमवर द्यायची ती त्याहून जास्तीची. मुलांनी मातीवर खेळावे, हे ठरवायला दिल्लीपर्यंत जावे लागले. खेड्यांत जागा आहे असे आपण समजतो, पण गायरानांवरच्या अतिक्रमणांबाबतही २०११ साली त्याच न्यायालयाला निकाल द्यावा लागला. आणि शाळा? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात २००९ पासून क्रीडांगण लिहिलेले आहे. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे एकतिसावे कलम खेळाचा हक्क सांगते, त्यावर भारताने १९९२ साली मान्यतेची मोहोर उमटवली. कागदावर आपली मुले जगातल्या कोणत्याही मुलांइतकी मोकळी आहेत.

शेवटचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. आठवण ही आठवणच असते, तिच्यावर धोरण बांधू नये. मान्य. पण जुनी माणसे सांगतात त्यातला कोणता भाग पडताळता येतो ते पाहावे. पूर्वी आम्ही गुणी होतो, धीट होतो, एकमेकांना धरून होतो, हे पडताळता येत नाही आणि त्याचा उपयोगही नाही. पण इथे वड होता, त्याच्या पारंब्यांवर सूरपारंब्या चालत. इथे ओढा उघडा होता. या दोन वाड्यांमध्ये बोळ होता. या रस्त्यावर तासात दोन टांगे जात. संध्याकाळी इथे वीस पोरे असत, हे सगळे सर्व्हे नंबरापर्यंत पडताळता येते. ही माहिती पालिकेच्या कोणत्याही कपाटात नाही, ती आज या खुर्च्यांवर बसलेली आहे, आणि आणखी वीस वर्षांनी नसेल.

म्हणून ज्येष्ठ श्रोत्यांना विनंती आहे. नातवंडांना लगोरी कशी खेळायची ते सांगाच, पण ती कोठे खेळलात तेही सांगा, आणि एखाद्या संध्याकाळी त्यांना त्या जागेपर्यंत पायी घेऊन जा. तिथे आज काय उभे आहे ते पाहा. मग पालिकेत जाऊन त्या जागेवर आराखड्यात काय लिहिलेले होते, ते विचारा. अध्यक्षांची परवानगी असेल तर, खुर्च्या आजच रात्री उचलून ठेवाव्यात. सकाळी मुले येतील.